लग्नाच्या फोटोंचा ‘गोल्डन अवर’ पालघरमध्ये तासभर नसतोच, मग किती वेळ मिळतो?

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. बोईसरमधला एखादा लग्नाचा हॉल. पत्रिकेत ‘गोरज मुहूर्त, सायंकाळी ६ वाजून १२ मिनिटं’ असं छापलेलं आहे. मुहूर्ताआधी अर्धा तास ‘त्या गोल्डन लाइटमधले’ फोटो हवेत, असं फोटोग्राफरला सांगून ठेवलंय. नमुन्यासाठी पाच-सहा रील्सही पाठवून झाल्यात. प्रत्यक्षात नवरी मेकअप रूममधून बाहेर येते तेव्हा पावणेसहा वाजलेले असतात. पार्किंगच्या पलीकडे सूर्य लालसर गोळा होऊन लटकलेला असतो. जेमतेम दोन फोटो निघतात, तेवढ्यात गौरीहर पूजायचा राहिलाय म्हणत मामा तिला आत घेऊन जातात. अक्षता पडल्यानंतर जोडी पुन्हा बाहेर येते, तेव्हा आकाश काळं झालेलं असतं आणि उरतो तो एलईडीचा जांभळा उजेड.

पालघर, बोईसर, तारापूर, केळवे, चिंचणी या पट्ट्यात हिवाळ्यात हे दृश्य वारंवार दिसतं. दोष मेकअपवालीला दिला जातो, फोटोग्राफरला दिला जातो, कधी मामांनाही. पण बहुतेक वेळा मूळ चूक आधीच झालेली असते. सगळ्यांनी ‘गोल्डन अवर’ हा शब्द खरा धरून एक तास गृहीत धरलेला असतो. हा तास आपल्या अक्षांशावर तासभर टिकत नाही.

तास भरत का नाही?

आधी ‘गोल्डन अवर’ म्हणजे काय ते बघू. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा त्याचा प्रकाश वातावरणाच्या कमीत कमी जाडीतून खाली येतो. तोच सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा प्रकाशाला त्याच्या जवळपास ३८ पट हवा पार करावी लागते. या प्रवासात निळा प्रकाश इकडेतिकडे विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत पोचतो तो प्रामुख्याने पिवळा, केशरी, लाल. त्यातच सूर्याची धगही उतरलेली असते, त्यामुळे डोळे बारीक करावे लागत नाहीत, नाकाखाली आणि डोळ्यांखाली दुपारसारखी काळी सावली पडत नाही. उजेड बाजूने येतो आणि शालूच्या जरीवर, नथीच्या मोत्यांवर, मुंडावळ्यांवर आडवा पडतो. फोटोग्राफर ज्या प्रकाशासाठी जीव टाकतात तो हा.

साधारणपणे सूर्य क्षितिजापासून सहा अंशांवर आला की हा प्रकाश सुरू झाला असं धरतात. आता प्रश्न असा की हे सहा अंश उतरायला सूर्याला किती वेळ लागतो? उत्तर तुम्ही पृथ्वीवर कुठे उभे आहात यावर ठरतं. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो. उत्तरेकडच्या देशांत तो तिरका, घसरगुंडीवरून उतरल्यासारखा सावकाश जातो. लंडनमध्ये डिसेंबरात या सहा अंशांना पन्नासहून जास्त मिनिटं लागतात. पालघर आहे १९.७ अंश उत्तर अक्षांशावर. इथे हेच अंतर सूर्य हिवाळ्यात साधारण अठ्ठावीस मिनिटांत आणि मार्चच्या मध्यानंतर पंचवीस मिनिटांत संपवतो.

म्हणजे यूट्यूबवर युरोप-कॅनडातला एखादा फोटोग्राफर ‘सूर्यास्ताआधी तासभर निवांत शूट करा’ असं सांगतो, तेव्हा तो त्याच्या गावापुरतं बरोबर असतो. केळव्याच्या किनाऱ्यावर त्याचं ऐकलं तर अर्धा वेळ कडक उन्हात जातो. बोटांनी सूर्य मोजायची युक्ती अनेकांनी रील्समध्ये पाहिली असेल. हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते बघायचं, एका बोटाला पंधरा मिनिटं. पालघरमध्ये हा भाव आठ-नऊ मिनिटांचा आहे. चार बोटं दिसली म्हणजे तास नाही, जेमतेम पस्तीस मिनिटं उरलीत.

तसं बघितलं तर थंड देशांतही हा ‘तास’ थोडा फुगवलेलाच शब्द आहे. १९७८ साली आलेल्या ‘डेज ऑफ हेवन’ या अमेरिकी चित्रपटाचं बरंचसं चित्रीकरण सूर्य मावळल्यानंतरच्या उजेडात झालं. त्याचे छायालेखक नेस्तोर आल्मेंद्रोस यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. शूटिंगची जागा कॅनडात, तरी रोज कामाला मिळायची ती वीस-पंचवीस मिनिटंच. अख्खं युनिट दिवसभर तयारी करून त्या वीस मिनिटांची वाट बघायचं. लग्नघरात असं कोणी वाट बघत बसणार नाही, हे उघड आहे.

नागपूरच्या लग्नाची वेळ इथे चालत नाही

दुसरी गोची घड्याळाची. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि पालघर आहे ७२.८ अंशांच्या आसपास. त्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या जवळपास ३९ मिनिटं मागे चालतो. मुंबईत अनेक दशकं प्रमाणवेळेपेक्षा तेवढीच मागे असलेली स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ वापरात होती, त्याचं कारणही हेच. नागपूरमध्ये सूर्य पालघरपेक्षा पंचवीस ते तीस मिनिटं आधी मावळतो. तेव्हा विदर्भातल्या मावसबहिणीच्या लग्नात पाच वाजता छान फोटो आले म्हणून बोईसरमध्येही पाचलाच बोलावलं, तर हाती लागतं चटका देणारं ऊन आणि मिचमिचलेले डोळे.

पालघरमध्ये सूर्यास्त सगळ्यात लवकर होतो तो डिसेंबरात नव्हे, नोव्हेंबरच्या अखेरीस, सहा वाजायला एखाद-दोन मिनिटं कमी असताना. डिसेंबरच्या २१ तारखेला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, तो सहा वाजून पाच मिनिटांपर्यंत पुढे गेलेला असतो. योगायोग असा की तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि पहिल्या तिथी बऱ्याचदा याच लवकर मावळणाऱ्या दिवसांत येतात. जानेवारीच्या मध्यावर सूर्यास्त ६.२० च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्यावर ६.३८, आणि मेच्या मध्यावर ७.०७. म्हणजे एकाच हॉलमध्ये नोव्हेंबरातल्या आणि मेमधल्या लग्नाच्या वेळापत्रकात तासापेक्षा जास्त फरक हवा. प्रत्यक्षात पॅकेजच्या कागदावर दोन्हीकडे ‘कपल शूट : सायं. ५.३०’ असंच लिहिलेलं सापडतं.

नोव्हेंबर अखेरचं गणित मांडलं तर असं दिसतं. ५.१० ला सूर्य दहा अंशांवर येतो, सावली आपल्या उंचीच्या साडेपाच पट लांब होते, चेहऱ्यावरचा कडकपणा कमी व्हायला लागतो. ५.२७ च्या सुमारास खरा सोनेरी उजेड सुरू होतो आणि ५.५८ ला सूर्य जातो. पुढची साधारण चोवीस मिनिटं संधिप्रकाशाची. या शेवटच्या टप्प्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लख्ख दुपारी उजेड साधारण एक लाख लक्स असतो, सूर्यास्ताच्या क्षणी निरभ्र आकाश असेल तर तो चारशेच्या आसपास उतरतो आणि संधिप्रकाश संपताना तीन-चार लक्स राहतो. म्हणजे सूर्य बुडाल्यावर साधारण दर साडेतीन मिनिटांनी उजेड निम्मा होत जातो. ‘पाच मिनिटांत आलेच’ असं आत्या म्हणतात तेव्हा त्या परत येईपर्यंत निम्म्याहून जास्त प्रकाश गेलेला असतो.

गोरज मुहूर्त आणि फोटो, दोघांना एकच वेळ हवी

गोरज म्हणजे गाई चरून घरी परततात तेव्हा त्यांच्या खुरांनी उडणारी धूळ. मुहूर्ताचं हे नावच एका विशिष्ट उजेडाचं वर्णन आहे. धुळीचे कण दुपारी दिसत नाहीत, सूर्य आडवा आला की दिसतात. ज्यांनी हे नाव दिलं त्यांनी गोल्डन अवर डोळ्यांनी बघितलेला होता, एवढं नक्की.

अडचण इथेच आहे. संध्याकाळची बरीच लग्नं या मुहूर्तावर लागतात आणि नेमक्या त्या मिनिटांना नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना, हॉलच्या छपराखाली उभे असतात. बाहेरचा प्रकाश वाया जातो. मुहूर्त पुढेमागे करा असं सांगण्यात अर्थ नाही. ज्या कुटुंबाने तिथी, नक्षत्र बघून वेळ काढली आहे, त्यांच्यासाठी फोटो दुय्यम आहे आणि असायलाही हवा. शिवाय अनेक घरांत अंतरपाट दूर होईपर्यंत दोघांनी एकमेकांसमोर यायचं नाही, हा रिवाज अजून पाळला जातो. परदेशी पद्धतीचं ‘फर्स्ट लुक’ शूट तिथे सुचवणाऱ्या फोटोग्राफरला आजी काय ऐकवतील, ते वेगळं सांगायला नको.

यातून वाटा निघतात, त्या रिवाज न मोडता. पहिली म्हणजे मुहूर्ताआधीच्या सोनेरी अर्ध्या तासात जोडीचे नव्हे, नवरी आणि नवरा यांचे वेगवेगळे पोर्ट्रेट काढायचे. नवरीचे आई-वडिलांसोबतचे फोटो याच वेळेत घ्यावेत. लग्न लागल्यानंतर आईचे डोळे सुजलेले असतात, वडील पाहुण्यांच्या मागे असतात आणि हा फोटो हमखास राहून जातो. अल्बममध्ये पुढे वीस वर्षांनी सर्वांत जास्त वेळा उघडलं जाणारं पान बहुधा हेच असतं.

दुसरी वाट म्हणजे जोडीचे फोटो दुसऱ्या दिवसावर टाकायचे. सत्यनारायणाची पूजा आटोपल्यावर संध्याकाळी तासभर मोकळा मिळतो. मेहंदी ताजी असते, हातात हिरवा चुडा असतो, चेहऱ्यावरचा ताण उतरलेला असतो. मेकअप लग्नाइतका भारी नसतो, पण आडव्या उन्हाला भारी मेकअप तसाही मानवत नाही, थर दिसतात. त्या दिवशी शालू पुन्हा नेसायचा कंटाळा येतो ही खरी अडचण. साधी पैठणी किंवा नऊवारी नेसून काढलेले फोटोही वाईट येत नाहीत.

आणि मुहूर्त साडेसहाच्या पुढचा असेल, तर पोर्ट्रेट आधी आणि गौरीहर नंतर हा क्रम गुरुजींशी आदल्या दिवशीच बोलून ठरवता येतो. मेकअपवालीला द्यायची वेळ मुहूर्तावरून मोजायची नाही, सूर्यास्तावरून मागे मोजायची. नोव्हेंबरात नवरी ५.१५ ला पूर्ण तयार, असं ठरलं की साडेपाचला ती खरंच बाहेर येते.

समुद्रावर जायचं तर पत्रिकेतली तिथी वाचा

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यापासून वेगळा झाला. त्याआधीपासूनच केळवे, शिरगाव, चिंचणी, डहाणू, बोर्डी हे किनारे मुंबईकरांच्या सहलींचे. आता प्री-वेडिंग शूटचेही आहेत. सगळे किनारे पश्चिमेला तोंड करून असल्याने सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. मात्र तो नाकासमोर बुडेल असं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात समुद्राकडे बघून उभं राहिलं तर तो डावीकडे, नैर्ऋत्येच्या अंगाला, साधारण दोन मुठींच्या अंतरावर जातो. मेमध्ये तितकाच उजवीकडे. सुरूच्या बनात जागा हेरताना याचा उपयोग होतो. हिवाळ्यात उन्हाच्या तिरिपा एका बाजूने येतात, उन्हाळ्यात दुसऱ्या. सुरूच्या खोडांची सावली चेहऱ्यावर उभी पडली की अर्धा चेहरा उजळ, अर्धा काळा असा फोटो येतो आणि तो कुठल्याही ॲपमध्ये नीट दुरुस्त होत नाही. एक पाऊल पुढे-मागे सरकणं हाच उपाय.

सूर्याइतकीच भरती-ओहोटी महत्त्वाची, आणि ती कळायला ॲपच लागतं असं नाही. कोकणातला जुना ठोकताळा आहे. तिथीच्या आकड्याला तीनने गुणा, चारने भागा, जे येईल त्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता भरती. पंचमीला पावणेचार. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या जवळ, म्हणून संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हाच हिशोब. तासभर इकडेतिकडे होऊ शकतं, पण अंदाज बांधायला पुरतं. आणि गंमत म्हणजे तिथी लग्नाच्या पत्रिकेवर छापलेलीच असते.

याचा फोटोशी संबंध काय? ओहोटीला या सपाट किनाऱ्यांवर पाणी खूप आत जातं आणि मागे राहते ओली, आरशासारखी वाळू. सूर्यास्ताचा रंग तिच्यात उतरतो आणि खालून चेहऱ्यावर परत येतो. स्टुडिओत पैसे मोजून लावतात तो रिफ्लेक्टर इथे फुकट अंथरलेला असतो. म्हणून पौर्णिमेपासून द्वितीयेपर्यंत आणि अमावास्येनंतरचे तसेच दोन-तीन दिवस संध्याकाळच्या फोटोंना सर्वांत चांगले. सप्तमी ते दशमी या काळात सूर्यास्ताच्या वेळी पाणी वर आलेलं असतं, उभं राहायला कोरड्या वाळूची चिंचोळी पट्टी मिळते आणि मागे फेरीवाले, घोडागाडी, भेळेच्या गाड्या सगळं फ्रेममध्ये येतं.

द्वादशी-त्रयोदशीला मात्र जरा जपून. तेव्हा संध्याकाळी पाणी चढत असतं. ओल्या वाळूवर दूर आत जाऊन फोटो काढण्यात रमलेल्यांच्या मागच्या बाजूच्या खोलगट भागात आधी पाणी भरतं, ते कळत नाही. नऊवारी किंवा शेरवानी भिजली की पाय उचलणं अवघड होतं. जीवरक्षक किंवा गावातला माणूस ‘मागे या’ म्हणाला तर वाद न घालता मागे यावं. सूर्य उद्याही मावळणार आहे.

ड्रोनबद्दल थोडक्यात. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून सुरू आहे, ते देशातलं पहिलं. अशा ठिकाणाच्या आसपास हौसेने ड्रोन उडवणं अंगाशी येऊ शकतं. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग पाडलेले आहेत आणि लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. ‘डिजिटल स्काय’वरचा नकाशा आधी बघायचा, मग ड्रोनवाल्याला पैसे द्यायचे. वसईच्या किल्ल्यात शूट करायचं असेल तर तेही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं स्मारक आहे, व्यावसायिक शूटची परवानगी अगोदर काढावी लागते.

सूर्य क्षितिजाआधीच का विरघळतो?

चिंचणीला किंवा केळव्याला हिवाळ्यात गेलेल्या अनेकांनी हे पाहिलं असेल. सूर्य पाण्याला टेकतच नाही. क्षितिजावर हात-दोन हात असतानाच तो फिका होतो, मग धूसर पट्ट्यात विरून जातो. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली अडकून राहते, तिच्यात समुद्राचं मीठ, धूळ आणि धूर साचतो. बोईसर-तारापूरच्या बाबतीत कारखान्यांचा धूरही धरायला हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांचा जो निर्देशांक काढला, त्यात हवा, पाणी, जमीन मिळून तारापूर सर्वांत वर होतं. ती क्रमवारी फोटोग्राफीसाठी केलेली नव्हती, पण कॅमेऱ्याला तिचा अर्थ कळतो.

हवेतले अगदी सूक्ष्म रेणू निळा रंग विखुरतात, म्हणून सूर्यास्त लाल दिसतो. धुराचे आणि धुळीचे मोठे कण सगळेच रंग विखुरतात, म्हणून आकाश पांढुरकं, मळकट होतं. थोडी धूळ असेल तर सूर्याभोवती छान वलय येतं. जास्त झाली की रंगच मरतो. व्यवहारात याचा अर्थ इतकाच की हिवाळ्यात या भागात शेवटची सात-आठ मिनिटं हिशोबात धरू नयेत. पंचांगात सूर्यास्त ५.५८ असेल तर सोनेरी उजेड ५.५० ला संपेल असं समजून काम करावं. आदल्या संध्याकाळी त्याच जागी पाच मिनिटं उभं राहून सूर्य कधी विरतो ते बघणारा फोटोग्राफर मिळाला तर त्याला सोडू नका.

समुद्र नसला म्हणून बिघडत नाही

बोईसरचे बहुतेक हॉल किनाऱ्यापासून दूर आहेत. मुहूर्ताच्या गडबडीत समुद्रावर जाऊन येणं शक्य नसतं आणि गरजही नसते. हॉलच्या पश्चिमेला मोकळी जागा असली की झालं. कापणी झालेलं भाताचं खाचर संध्याकाळी सोन्यासारखं दिसतं आणि उन्हाकडे पाठ करून नवरीला उभं केलं की तिच्या केसांच्या, पदराच्या कडेने उजेडाची रेघ येते. समोरून चेहऱ्यावर प्रकाश हवा असतो. तो पूर्वेकडच्या पांढऱ्या भिंतीवरून परत येतो, नाहीतर एखाद्या मित्राच्या हातातल्या थर्माकोलच्या पांढऱ्या पत्र्यावरून.

केळवे-माहीमच्या पानमळ्यांत किंवा डहाणू-घोलवडकडच्या चिकूच्या वाडीत शूट करायचं असेल तर वाडीच्या आत नको, तोंडाशी उभं राहा. आत उजेड कमी तर असतोच, शिवाय पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो आणि तो आधी गालावर दिसतो. वाडीच्या पश्चिम कडेला, झाडांना पाठ करून उभं राहिलं की मागे गडद हिरवं आणि चेहऱ्यावर ऊन, अशी फ्रेम सहज मिळते. मनोरच्या बाजूचं लग्न असेल तर वेगळीच गोष्ट. वाघोबा खिंड आणि काळदुर्गाचे डोंगर पश्चिमेला येतात. डोंगराच्या पायथ्याच्या गावांत सूर्य वेळेआधीच आड जातो, दहा ते वीस मिनिटं सरळ कमी होतात.

हळद, शालू आणि खरा रंग

आडव्या उन्हातल्या फोटोंची एक वेगळी अडचण लग्नातच येते. हळद लागलेली त्वचा आधीच पिवळी, त्यावर केशरी ऊन, वर सोन्याचे दागिने. सगळं मिळून चेहरा संत्र्याच्या सालीसारखा येतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स घाबरून पिवळा रंग इतका काढून टाकतो की संध्याकाळची दुपार होते. मधला मार्ग म्हणजे व्हाइट बॅलन्स पाच हजार केल्विनच्या आसपास कायम ठेवायचा आणि पहिल्या फोटोत नवरीच्या हातात एखादा पांढरा रुमाल द्यायचा. नंतर रंग जुळवताना तो रुमाल पांढरा दिसतोय का, एवढं बघितलं तरी पुरतं.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. मागे उजळ आकाश असलं की कॅमेरा सगळा फोटो गडद करतो, आणि त्यात सावळे चेहरे आधी बुडतात. मग एडिटिंगला बसलेला माणूस चेहरे उजळवतो, उजळवता उजळवता गोरे करतो. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅकची ‘शर्ली कार्ड’ वापरून प्रयोगशाळा रंग जुळवत असत. त्या कार्डांवर बराच काळ गोऱ्या स्त्रीचाच चेहरा होता, त्यामुळे गोरी त्वचा नीट दिसेल असेच रंग जुळवले जात. आजची सॉफ्टवेअर बदललीत, मोबाइलमधल्या ‘ब्यूटी’ फिल्टरची सवय मात्र तीच आहे. आगरी, कोळी, वारली, वाडवळ, भंडारी अशा अनेक समाजांच्या या जिल्ह्यात त्वचेच्या छटा भरपूर आहेत. आणि आडवा, उबदार प्रकाश सावळ्या त्वचेवर जितका खुलतो तितका दुपारी कधीच खुलत नाही. फोटो काढतानाच चेहऱ्यावर मोजून उजेड घेतला, मागचं आकाश थोडं पांढरं झालं तरी चालवून घेतलं, तर नंतर कोणालाच ‘गोरं’ करावं लागत नाही. फोटोग्राफर ठरवताना ‘स्किन लाइट करू नका’ हे वाक्य स्पष्ट सांगून ठेवायला हरकत नाही. न सांगितल्यास बरेच जण ते आपोआप करतात.

मोबाइलवर काढणाऱ्यांसाठी

प्रत्येकाला फोटोग्राफर परवडतो असं नाही, आणि चांगले फोटो भावाच्या मोबाइलमधूनही येतात. आधी लेन्स पुसा. समारंभात फोनवर तेलकट बोटं लागतात आणि उन्हाकडे तोंड केलं की फोटोवर धुकं पसरतं. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतात. मग बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करा. पोर्ट्रेट मोडवर फार विसंबू नका. मागचा भाग धूसर करताना फोनचं गणित मुंडावळ्यांच्या मोत्यांच्या सरी आणि गजऱ्याची मोकळी फुलं ओळखू शकत नाही. कधी अर्धी मुंडावळी गायब होते, कधी कानाजवळचे केस कापल्यासारखे दिसतात. साध्या मोडमध्ये काढून, नवरीला मागच्या भिंतीपासून आठ-दहा फूट पुढे उभं केलं तर परिणाम जास्त खरा येतो.

मोठा कॅमेरा असेल तर दोघांच्या फोटोसाठी ॲपर्चर पार उघडायचा मोह टाळावा. एफ १.८ वर नवरीचा डोळा टोकदार आणि नवरा धूसर, असे फोटो अल्बमच्या वेळी लक्षात येतात. दोन चेहऱ्यांना २.८ किंवा त्याहून थोडा जास्त बरा.

आणि सूर्य गेला म्हणून कॅमेरा बॅगेत टाकायची घाई नको. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं आकाश गडद निळं असतं, आणि मांडवातल्या पिवळ्या माळांचा उजेड त्याच्या बरोबरीला येतो. दोन्ही उजेड सारखे असण्याची ही वेळ संध्याकाळी एकदाच येते. नोव्हेंबर-डिसेंबरात ती साधारण सव्वासहाच्या आसपास, म्हणजे गोरज मुहूर्तावर लग्न लागून अक्षता नुकत्याच पडलेल्या असतात. जेवणाच्या पंगती बसायच्या आत, डीजेचे जांभळे दिवे पेटायच्या आत, जोडीला पाच मिनिटं दारातल्या तोरणाखाली आणता आलं तर तेवढं पुरे. डेकोरेटरला आधी सांगून दाराशी रंगीत एलईडीऐवजी साधे पिवळे बल्ब लावून घ्यावेत, खर्च फारसा वाढत नाही. मामांनाही आदल्या दिवशीच सांगून ठेवावं, कारण त्या वेळी जोडीला आत न्यायला तेच येणार असतात.